मृगयापाक

शिकारीत मिळालेल्या वन्य पशुपक्ष्यांचे मांस रांधण्याची विद्या. कल्याणीचा (सांप्रतचे बसवकल्याण, जि. बीदर) चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या सुमारे ११२९ च्या ग्रंथात अन्नभोगाचे जे प्रकरण रचले, त्यात रानडुकरावर शुभ्र वस्त्र पांघरून वरून कढत पाणी ओतावे, म्हणजे केस सहज उपटले जातात, इथपर्यंतचा तपशील आहे; राजाने मुदपाकखान्यात स्वतः डोकावल्याखेरीज असे लिहिणे संभवत नाही. हरिण, कासव, फार काय नदीकाठचे उंदीरही त्याने वर्ज्य मानले नाहीत.

जर्मनीतील ‘हासेनफेफर’ हा याच कुळातला पदार्थ. रानसशाचे तुकडे शिरक्यात वा तांबड्या मद्यात कांदा, तमालपत्र, मिरी व जुनिपरची फळे घालून एकदोन दिवस मुरवितात, मंदाग्नीवर शिजवितात आणि रस्सा परंपरेने सशाच्याच रक्ताने दाट करितात. वन्य मांस चिवट आणि उग्र वासाचे. आंबटपणा त्याला मऊ करतो.

अवधचा नबाब आसफुद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादेहून लखनौस हलविली. त्याच्या शिकारीच्या मोहिमांत हत्तीघोड्यांबरोबर बावर्चीखान्याचाही लवाजमा चाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस मनाई केल्यापासून भारतीय मृगयापाक केवळ ग्रंथांत उरला. जर्मनीत परवानाधारक शिकार चालू असून हासेनफेफर अद्याप शिजते, क्वचित पाळीव सशाचेही.