उधाण दाबाचे नव्हे, वाऱ्याचे

चक्रीवादळ किनाऱ्याला धडकते तेव्हा समुद्र का चढतो? ठरलेले उत्तर असे : केंद्रातील हवेचा दाब घटतो, पाण्यावरचे ओझे हलके होते आणि पाणी वर उचलले जाते, वारा केवळ लाटा उसळवतो. हे मत निराधार नाही. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे 1 सेंटिमीटर चढतो, हे खरेच आहे.

आता हिशेब मांडू. 1979 साली प्रशांत महासागरातील ‘टिप’ वादळात दाब 870 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. चक्रीवादळातला तो नीचांक. नेहमीचा दाब 1013. म्हणजे विक्रमी वादळातही दाबाच्या खाती दीड मीटरसुद्धा जमा होत नाही. मग 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळात, दाब 912 असताना, पाच-सहा मीटर पाणी कोणी चढवले?

प्रतिपक्ष म्हणेल, वारा नुसता पृष्ठभागाला घासतो, तो समुद्र काय उचलणार? आक्षेप रास्त आहे. ताशी 180 किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर पाण्याला ओढतो तो जेमतेम पाऊण किलो वजनाइतक्या जोराने. पण ही ओढ शंभर किलोमीटर साचत जाते. खोल समुद्रात पुढे रेटलेले पाणी खालून मागे फिरते. पातळी काही सेंटिमीटरच चढते. तळ 20 मीटरवर आला की परतीची वाट आखडते आणि तोच वारा साडेतीन मीटरांपर्यंत पाणी उभे करतो. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक उथळ आहे, तिथली उधाणे म्हणूनच इतकी भीषण. एका सेंटिमीटरच्या त्या नियमात खोलीला जागाच कुठे आहे?

2017 मध्ये ‘इर्मा’ वादळ जवळ येत असताना फ्लोरिडातील टँपा उपसागराचा तळ उघडा पडला. दाब उतरत होता, तरी पाणी ओसरले. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता.

दाबाचा आकडा सौम्य म्हणून किनाऱ्यावर थांबणे जिवावर बेतू शकते. म्हणून हे मत तसेच सोडवत नाही. मिसिसिपीच्या किनाऱ्यावरचे पास क्रिश्चन हे गाव घ्या. 1969 मध्ये तिथे ‘कमील’ आले : दाब 900 च्या आसपास, उधाण सुमारे साडेसात मीटर. 2005 मध्ये ‘कतरिना’ आले : दाब 920 च्या वर, उधाण सुमारे साडेआठ मीटर. कतरिनाच्या वाऱ्यांचा घेर कितीतरी विस्तीर्ण होता. दाबालाच कर्ता मानणाऱ्यांनी या दोन नोंदींचा मेळ वाचकांपुढे घालून दाखवावा.