कपड्यातला हट्टी वास

घरात मांजर असलेल्यांना हा अनुभव नवा नाही. मांजराने चादरीवर लघवी केली, चादर साबणाने धुतली, उन्हात वाळवली, वास गेला म्हणून घडी करून ठेवली. दोन-तीन दिवसांनी कपाट उघडावे, तर तोच उग्र दर्प! धुण्यात काय चुकले? गंमत अशी की, साबण सर्रास मिळू लागण्यापूर्वी माणसाने लघवीचाच उपयोग कपडे धुण्यासाठी केला होता.

प्राचीन रोममधले धोबी शिळी लघवी हौदात घेत आणि त्यात कपडे पायांनी तुडवत. लघवीतल्या युरियाचे जिवाणू विघटन करतात व अमोनिया तयार होतो. अमोनियाचे पाणी अल्कधर्मी असल्याने तेलकट मळ सुटतो. सम्राट व्हेस्पेशियनने या लघवीवर करही बसवला होता. मुलाने नाक मुरडले तेव्हा त्याने करातून आलेले नाणे मुलाच्या नाकाशी धरून ‘याला वास येतो का?’ असे विचारल्याची कथा सुएटोनियसने लिहून ठेवली आहे. तुडवलेले कपडे नंतर स्वच्छ पाण्यात खळबळून काढत. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, हवेतही उडून जातो. म्हणजे कपाटातला हट्टी वास अमोनियाचा नव्हे.

धुण्याच्या पावडरीत एन्झाइम, म्हणजे विकरे, आली त्याची हकिकतही अशीच घाणीतून सुरू होते. चुन्याच्या पाण्यातून काढलेली कातडी मऊ करण्यासाठी युरोपातले कारागीर कुत्र्याची विष्ठा वापरत. एकोणिसाव्या शतकात लंडनमधली गरीब माणसे ती रस्त्यावरून बादल्या भरून गोळा करत आणि विकून पोट भरत. विष्ठेत असे काय आहे, हा प्रश्न जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांना पडला. गॅसच्या कारखान्यातल्या सांडपाण्याला तसाच वास येतो, म्हणून त्यांनी आधी ते वापरून पाहिले. ते जमले नाही. काम वासाचे नव्हते, प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे होते. मग कत्तल केलेल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून रोम यांनी ती विकरे मिळवली आणि १९०७ मध्ये ओटो हास यांच्याबरोबर कंपनी काढली. कातड्यावरची प्रथिने तुटतात, तर कपड्यावरची का तुटू नयेत? १९१३ मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले. ‘बुर्नुस’ हे त्यांचे उत्पादन बाजारात आले, पण स्वादुपिंडातले विकर सोड्याच्या पाण्यात फारसे टिकत नसे. १९६० च्या दशकात अल्कधर्मी पाण्यातही काम करणारी, बॅसिलस जिवाणूंपासून मिळवलेली विकरे आली, तेव्हा कुठे ही कल्पना घरोघरी पोचली.

त्याची किंमत आधी कामगारांनी मोजली. पावडरीच्या कारखान्यांत विकरांची धूळ श्वासावाटे जाऊन कामगारांना दमा होऊ लागला. १९६९ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर विकरांवर आवरण चढवून त्यांचे दाणे बनवण्याची पद्धत आली. डाग काढण्याच्या जाहिरातींत हा भाग कधी आला नाही.

वर्गात उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे दोन तुकडे घ्या. एक विकरयुक्त पावडरीच्या कोमट पाण्यात व दुसरा साध्या साबणाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवा. फरक मुलांना दिसेल.

पण मांजराची चादर? १९५३ मध्ये वेस्टॉल यांनी मांजराच्या लघवीतून गंधक असलेले एक नवे अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे नाव फेलिनिन. ते स्वतः गंधहीन असते. हळूहळू तुटले की त्यातून थायॉल जातीची दर्पयुक्त संयुगे बाहेर पडतात. धुतलेल्या चादरीत उरलेले फेलिनिन नाकाला कळतच नाही, वास मागाहून येतो. बोक्याच्या शरीरात ते बनवण्यासही एक विकर लागते, हे जपानमधल्या मासाओ मियाझाकी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. हट्टी वासाचे खापर सगळीकडे युरिक आम्लावर फोडले जाते, पण मांजराच्या शरीरात त्यातल्या बहुतेकाचे अलॅन्टॉइनमध्ये रूपांतर होते.

थायॉलवर उपाय ऑक्सिडीकरणाचा. अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी याच जातीच्या द्रव्याची पिचकारी मारतो. त्याच्या तडाख्यात सापडलेल्या पाळीव प्राण्यांसाठी रसायनतज्ज्ञ पॉल क्रेबॉम यांनी १९९३ मध्ये एक कृती प्रसिद्ध केली: सुमारे एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर द्रव साबण. थायॉलचे रूपांतर गंधहीन, पाण्यात विरघळणाऱ्या संयुगांत होते. चादरीवरही हे चालते, मात्र रंग जाऊ शकतो, म्हणून आधी कोपऱ्यावर पाहावे. ब्लीचिंग पावडर मात्र वापरू नये. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग होऊन क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. क्रेबॉम यांचे मिश्रण हवे तेव्हाच बनवावे व उरलेले ओतून द्यावे. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. तयार बाटलीत ते विकायला न येण्याचे कारणही हेच.