पळसगावचा नाईक

गडबहून महामार्गाने दक्षिणेस गेले की माणगाव लागते. त्या तालुक्यातील पळसगाव हे नाईक यशवंत घाडगे यांचे गाव. जन्म 1921 चा. इंग्रज शिपाई-कवी विल्फ्रेड ओवेन 1918 साली, वयाच्या 25 व्या वर्षी पडला. त्याच्या कविता विलायतेतील मुले शाळेत शिकतात. आमच्या घाडग्यांची कथा मात्र सरकारी सन्मानपत्राच्या थोड्या ओळींत मावते.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. येथल्या कोणाला विचारले नाही. तरी 1945 पर्यंत फौज 25 लाखांवर गेली. सक्ती नव्हती, असे सांगतात. कायद्याने नव्हतीच! पण ज्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांना खोतांविरुद्ध 1933 ते 1939 संप करावा लागला, तेथल्या पोराला महिन्याचा रोख पगार ही काय चीज होती, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना सांगावे लागत नाही.

10 जुलै 1944. इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण चढाई करीत होती. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सारे पडले. घाडगे एकटेच मोर्चावर धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकास टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलण्यास सवड नव्हती. म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठोकून मारले. तेही कोणा शेतकऱ्याचे पोर असतील. मग आडून आलेल्या गोळ्यांनी घाडगे पडले. वय 22.

व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर कोठे आहे हे ज्ञात नाही; कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरले आहे, आणि माणगावात पुतळा आहे.