माग : एक उच्चार, दोन कुळं

‘पोलीस चोराच्या मागावर आहेत’ आणि ‘विणकर मागावर बसला आहे’. दोन्ही वाक्यांतला ‘माग’ पुल्लिंगी, दोन्हींचं सामान्यरूप ‘मागा’, उच्चारात कानामात्रेचाही फरक नाही. तरी हे शब्द एका घरातले नाहीत. भिवंडी तालुक्यातल्या वडपे इथे दोघांची रोज गाठ पडते. कसारा घाट उतरून शहापूर, पडघा करत आलेला मुंबई-आग्रा रस्ता इथून ठाण्याकडे जातो, आणि शेजारी यंत्रमागांचं गाव भिवंडी. एक माग वाटेचा, दुसरा कापडाचा.

वाटेच्या मागाचं कूळ जंगलातलं. संस्कृत ‘मृग’ म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कोणतंही श्वापद. त्याच्या येण्याजाण्यानं पडलेली वाट तो ‘मार्ग’. प्राकृतात त्याचा ‘मग्ग’ झाला. बुद्धाचा अष्टांगिक मार्गही पालीत ‘मग्ग’च आहे. पुढे मराठीनं जोडाक्षर सोडून आधीचा स्वर लांबवला. ‘सत्त’चे सात झाले, ‘कम्म’चं काम झालं, तसा ‘मग्ग’चा माग. शिकारी पावलांचे ठसे बघत जातो, त्यातून माग काढणं आणि मागोवा घेणं आलं. ठशांवरून चालणारा पुढच्याच्या पाठी असतो, म्हणून ‘मागे’. संस्कृतात ‘मार्गण’ म्हणजे शोधणं. हवं ते शोधत माणूस दुसऱ्याच्या दारी पोचला, की शोधण्याचं ‘मागणं’ होतं. हिंदीतलं ‘मांगना’ याच घरातलं. गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत तर ‘मागणें’ म्हणजे प्रार्थना. ब्रज कवितेत ‘मग’ अजून वाटच आहे.

आता दुसरा माग. खड्डामागावर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाखालची पट्टी दाबली, की ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली राहतात. मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे पळतो आणि फणीच्या ठोक्यानं तो धागा कापडात घट्ट बसतो. हे बघताना वाटतं, धोट्याची वाट म्हणून हा ‘माग’ असेल. पण शेजारच्या भाषा वेगळी साक्ष देतात. ‘मार्ग’पासून हा अर्थ निघाला असता, तर त्याची खूण हिंदी-गुजरातीत कुठेतरी दिसायला हवी होती. हिंदीतला करघा फारसी ‘कारगाह’वरून आला, म्हणजे कामाची जागा. गुजराती विणकर ‘साळ’ म्हणतो. संस्कृतात ‘वेमन्’ आहे. दक्षिणेकडे वळलं, की मात्र शब्द लगेच सापडतो : कानडीत ‘मग्ग’, तुळूत ‘मग्ग’, तेलुगूत ‘मग्गमु’. आपला विणायचा माग या द्राविडी घरातला. प्राकृत ‘मग्ग’ला मराठीत जे वळण लागलं, तेच कानडी ‘मग्ग’लाही लागलं, आणि दोन अनोळखी शब्द एकरूप झाले.

याचा अर्थ आपल्याकडे विणकाम नव्हतं असा नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, 2000 आणि 1000 कार्षापण ठेव म्हणून दिले. पहिल्या ठेवीवर महिन्याला शेकडा एक, दुसरीवर पाऊण असं व्याज. लेखात या विणकरांना ‘कोलिक’ म्हटलं आहे. हात इथले होते. अवजाराचं नाव मराठीनं कानडी-तेलुगू शेजारातून घेतलं. ही देवाणघेवाण अजून डोळ्यांसमोर आहे. सोलापुरात तेलुगू बोलणारे पद्मशाली मराठी शहराच्या चादरी विणत आले. यंत्रावर चालणारा माग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत आणला, तेही गाव कर्नाटकाच्या सीमेलगतचं.

भिवंडीत उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांबरोबर करघा आला, विजेबरोबर इंग्रजी लूम आला. 1982 च्या संपानं मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, तसं कापडाचं काम आणखी यंत्रमागांकडे सरकलं. शासकीय मराठीत या लूमला ‘यंत्रमाग’ म्हणतात : अर्धा संस्कृत, अर्धा द्राविडी. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा वडप्याजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. त्या ‘महामार्गा’त पहिल्या कुळाचा मूळपुरुष तसाच उभा आहे.

मराठी शब्दाचं मूळ विचारलं, की आपला हात आधी संस्कृत कोशाकडे जातो. एका मागासाठी तो कोश पुरतो, दुसऱ्यासाठी पुरत नाही. शेती, स्वयंपाक, कारागिरी यांतला शब्द समोर आला, तर तेच काम करणारा कानडी आणि तेलुगू माणूस काय म्हणतो, हे आधी विचारावं. मराठी दोन्ही घरांची आहे आणि तिच्या कुळकथेत दोन्ही घरांची नावं यायला हवीत.