फोटोतली आई



आज एका फोटोची गोष्ट सांगते. फोटो अमेरिकेतला आहे, मार्च १९३६ मधला. फाटक्या तंबूत एक बाई बसली आहे. मांडीवर तान्हं मूल, दोन्ही खांद्यांना तोंड लपवून टेकलेली दोन लेकरं. तिचा एक हात गालाशी आहे आणि नजर कुठंतरी लांब. ‘स्थलांतरित आई’ म्हणून हा फोटो जगभर छापला गेला.

काळ मंदीचा होता. आपल्याकडे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ना, तशी तिकडे हजारो कुटुंबं पिकामागं फिरत होती. कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावी वाटाण्याच्या तोडणीला माणसं जमली, पण पीक गारठ्यानं गेलं. मजुरी नाही, म्हणून चूलही नाही.

फोटो काढला डोरोथिआ लँग यांनी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं त्या लंगडत चालायच्या. सरकारी खात्यासाठी गावोगाव फिरून फोटो काढायच्या. त्या दिवशी घरी परतताना छावणीची पाटी मागं टाकून त्या तीसेक किलोमीटर पुढं गेल्या होत्या. पण मनाला चैन पडेना, म्हणून गाडी वळवली. मोजके फोटो काढले, वय विचारलं. बाईनं बत्तीस सांगितलं. नाव मात्र विचारलं नाही. मला हे खटकतं.

लँगही दोन मुलांची आई होत्या. त्याच मंदीत, काम करता यावं म्हणून त्यांनी आपली मुलं काही काळ पैसे देऊन दुसऱ्यांच्या घरी ठेवली होती. ते दुखणं त्यांना ठाऊक होतं.

मूळ फोटोच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. चित्र बिघडतं म्हणून लँग यांनी तो नंतर पुसून घेतला. मला तर तो अंगठाच हवा होता. एका हातानं पोर सांभाळायचं आणि दुसऱ्यानं आधार धरायचा, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फोटो वर्तमानपत्रात आला आणि सरकारनं छावणीत सुमारे नऊ हजार किलो धान्य-अन्न पाठवलं. पण तोवर ही बाई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

तिचं नाव जगाला कळलं १९७८ साली: फ्लोरेन्स थॉम्पसन. ती चेरोकी या आदिवासी समाजाची होती. पहिला नवरा १९३१ मध्येच वारला होता. शेतात आणि मिळेल तिथं राबून तिनं पोरं वाढवली होती. फोटोचा तिला रागच होता. चेहरा आपला, आणि पैसा एक नाही. मुलांनाही लाज वाटायची, कारण लोकांना त्यात फक्त लाचारी दिसायची.

मग १९८३ साली फ्लोरेन्स आजारी पडली. अर्धांगवायूचा झटका, त्यात कर्करोग. चोवीस तास माणूस लागायचं आणि खर्च झेपेना. ज्या फोटोची लाज वाटायची, त्याच फोटोच्या ओळखीवर मुलांनी लोकांकडं मदत मागितली. दोन हजारांवर पत्रं आली, पस्तीस हजार डॉलर जमले. पाकिटांतून पैसे निघत, सोबत अनोळखी लोकांनी लिहिलेलं असे की तुमच्या आईच्या चेहऱ्यानं आम्हाला धीर दिला. मुलांनी ती पत्रं वाचली, आणि मग त्यांनाही त्या चेहऱ्यात आईची ताकद दिसू लागली. त्याच सप्टेंबरात ती गेली.