चार दिशांचा आवाज आणि एक कर्णा

क्वाड्राफोनिक ध्वनीची कथा अपयशाची कथा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्यांनी श्रोत्याच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवण्याचा घाट घातला. सीबीएसची ‘एसक्यू’, सान्सुईची ‘क्यूएस’, जेव्हीसीची ‘सीडी-4’ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती बाजारात आल्या आणि दशक सरण्याआधी हा पसारा आवरलाही गेला. ‘एसक्यू’मध्ये चार वाहिन्या दोहोंत गुंफल्या जात; घरी त्या उकलताना मागचा आवाज पुढे झिरपे. ‘सीडी-4’ने चारही वाहिन्या निराळ्या राखल्या, पण त्यासाठी खाचेत 30 किलोहर्ट्झची, म्हणजे माणसाच्या कानाला न जाणवणारी वाहक लहर कोरावी लागे आणि ती वाचायला सुईही खास लागे.

मला मात्र या इतिहासातला दुसराच वाद महत्त्वाचा वाटतो. श्रोत्याला बसवायचे कोठे? एका पक्षाचे म्हणणे, वाद्यवृंद समोरच असावा, मागून फक्त सभागृहाचा घुमारा यावा. दुसरा पक्ष श्रोत्याला वादकांच्या मधोमध नेऊन ठेवी. पियर बुलेझ यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह केलेले बार्टोकच्या ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’चे 1972 मधील ध्वनिमुद्रण हे त्याचे ठळक उदाहरण. कादंबरीतल्या निवेदकाच्या जागेविषयी वर्गात बोलणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

आपल्याकडे तो यंत्रांच्या कितीतरी आधी सुटलेला होता. शिरूर तालुक्यातले मांडवगण फराटा भीमेच्या खोऱ्यातले गाव. नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडच्या वाटेने, दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. दिंडीची रचना आठवावी. दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग आणि विणेकरी. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला दिंडी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाताना ऐकू येते. विणेकऱ्याला ती चहूंकडून ऐकू येते. मात्र तिथे ऐकणारा स्वतःही गात असतो. चार स्पीकरांच्या मध्ये बसलेल्याला मधली जागा मिळते, पण मुकाट बसण्याच्या अटीवर. हा फरक मला लहान वाटत नाही.

घरोघरी चार स्पीकर ही कल्पना महाराष्ट्रात रुजली नाही. 1970 च्या दशकात साधा स्टिरिओदेखील मोजक्या घरांत होता. आपल्या प्रेक्षकाला आवाजाची दिशा भेटली ती चित्रपटगृहात. 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे चित्रीकरण 35 मिमी फिल्मवर झाले होते, पुढे ते 70 मिमीवर मोठे केले गेले आणि त्याला सहा पट्ट्यांचा चुंबकीय ध्वनी जोडला गेला. या पद्धतीत सर्वसाधारणपणे पाच वाहिन्या पडद्यामागे असतात, सहावी प्रेक्षागृहाच्या भिंतींवर. अर्थात काटेकोर अर्थाने हा क्वाड्राफोनिक नव्हे. पण श्रोत्याला आवाजाने वेढण्याची आकांक्षा तीच. मुंबईच्या मिनर्व्हात नाणे उडवण्याच्या प्रसंगी काही प्रेक्षक खुर्च्यांखाली नाणे शोधू लागल्याची आठवण सांगितली जाते. ती अक्षरशः खरी मानण्याची गरज नाही. लोकांना ती सांगावीशी वाटली, एवढे पुरे.

हा अनुभव महाग होता. चुंबकीय पट्टी प्रतीवर वेगळी चढवावी लागे, मग प्रत्येक प्रतीवर आवाज स्वतंत्रपणे उतरवावा लागे, आणि वाजवता वाजवता ती झिजत जाई. म्हणून बहुसंख्य चित्रपटगृहांत गेल्या त्या 35 मिमीच्या, एकाच प्रकाशीय ध्वनिपट्टीच्या प्रती. ‘शोले’ एकाच नावाचे दोन चित्रपट होते असे म्हटले तर ती निव्वळ अतिशयोक्ती ठरणार नाही.

तरीही एकपट्टी म्हणजे दरिद्री, असे समजणे चुकीचे. व्ही. शांताराम यांनी 1942 मध्ये परळला उभारलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी संवाद, संगीत आणि इतर आवाज एकाच पट्टीत विणण्याची कला फार वर नेली. सत्यजित राय यांच्यासारखा चोखंदळ दिग्दर्शक त्यांच्याकडे आपले चित्रपट सोपवी. एका पट्टीत डावे-उजवे नसते, जवळ-दूर मात्र असते. आवाजाची पातळी, घुमारा, कोणता आवाज केव्हा मिटवायचा याचा विवेक, एवढ्या साधनांवर ते खोली निर्माण करीत. दिशा ही यंत्राची देणगी, तर खोली कानाची कमाई, असे मला वाटते. आणि आपल्या समीक्षेने या कमाईची दखल जवळजवळ घेतलेलीच नाही. संगीतकारांवर ग्रंथ निघतात, मिक्सिंग करणाऱ्याच्या वाट्याला श्रेयनामावलीतली एक ओळ येते. असो.

जत्रेतल्या तंबूत तर हीही खोली पुरती पोचत नसे. कनातीचे कापड, बाहेरचे पाळणे आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या, प्रक्षेपकाची घरघर, यांतून कर्ण्याचा करडा आवाज वाट काढी. कर्ण्याला ना खर्ज पेलतो ना घुमारा. मधल्या पट्टीतली मानवी वाणी तेवढी तो ठणठणीत फेकतो. पॉलिडॉरने ‘शोले’च्या गाण्यांबरोबर संवादांचीही तबकडी काढली आणि ती अफाट खपली, याचे मर्म मला इथे दिसते. मिनर्व्हाच्या भिंतींवरून फिरणारा आवाज तिथेच राहिला. मोटारस्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, गणेशोत्सवात वाजत राहिले ते गब्बरचे बोलणे. ज्यांनी पडदा पाहिलाही नव्हता अशा पोरांना ते विरामांसकट पाठ होते.