आधी गरज, मग आराखडा

अमरावती-अकोल्याकडचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेतो, तेव्हा कोडच्या आधी त्याला ‘एसआरएस’, म्हणजे गरजपत्रक, लिहावं लागतं: प्रणाली कोण वापरणार, तिने काय करायचं, कोणत्या मर्यादेत. हा शिरस्ता संगणकाच्या बऱ्याच मागून आला.

ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला नाटोची परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअरं वेळेत होत नाहीत, खर्च आवरत नाही, हे तिथे उघड बोललं गेलं. 1970 मध्ये संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉयस यांनी एका लेखात सॉफ्टवेअर बांधणीच्या टप्प्यांची आकृती काढली: वर गरजा, मग विश्लेषण, आराखडा, कोड. एकाच फेरीत सगळं उरकणं धोक्याचं आहे, ग्राहकाला सोबत घ्या, असंही त्यांनी त्याच लेखात बजावलं होतं. पुढे आकृती घरोघर पोचली, ताकीद मागे पडली. 1976 मध्ये बेल आणि थेयर या संशोधकांनी गरजपत्रकांतल्या चुका तपासून दाखवलं, की गरजा आपसूक हाती येत नाहीत. त्या खणून काढाव्या आणि पारखाव्या लागतात. 1984 मध्ये ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने गरजपत्रकाचा नमुना, क्रमांक 830, ठरवून दिला.

वऱ्हाडात या शिस्तीची कसोटी पाण्याच्या हिशेबात लागते. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘पोकरा’, मंजूर झाला. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणारी संगणकीय रीत बसवली. पाऊस, माती, उतार आणि पीक यांवरून किती पाणी वाहून गेलं, किती ओल राहिली, किती मुरलं आणि पिकाला किती कमी पडलं, हे ती काढते.

आता पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या: दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडची खोल काळी जमीन. इतरत्र मुरलेलं पाणी जमेच्या बाजूला धरतात. इथे विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. प्यायला नाही आणि पिकालाही धड चालत नाही. म्हणून ‘किती मुरलं’ एवढाच प्रश्न लिहिला, तर हिशेब बरोबर येऊनही उत्तर निरुपयोगी ठरतं. ‘पोकरा’ने या पट्ट्यासाठी शेततळी, तुषार संच, पंप आणि जमिनीचं आरोग्य अशी वेगळी कामं ठेवली, त्याचं कारण हेच.

इथली खरी गरज अशी लिहावी लागेल: पऱ्हाटी बोंडं धरत असताना पावसाने खंड दिला, तर एका ओलितापुरतं गोडं पाणी शिवारात कुठे आणि किती आहे, ते दाखवा. हे वाक्य पारखता येतं, त्यावरून आराखडा काढता येतो. ते सापडतं शिवारफेरीत, शेतकऱ्याला महिना, पीक आणि पाण्याची चव विचारताना. म्हणून वऱ्हाडासाठी प्रणाली बांधणाऱ्याने पहिली तारीख शिवारफेरीची लावावी आणि गरजपत्रकावर कोडच्या आधी गावाची सही घ्यावी.